बोल्टाचा ताण आणि त्याचें माप

आगगाडीचा पूल असो कीं वाफेचें यंत्र असो, त्याचे निरनिराळे भाग एकत्र धरून ठेवण्याचें काम बोल्टाकडे असतें. चाकी घट्ट पिळली म्हणजे बोल्ट पक्का बसला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु चाकी घट्ट बसणें निराळें आणि बोल्ट पुरेसा ताणला जाणें निराळें. या ताणाचें माप मनुष्याच्या हातीं कसें आलें, ही कथा सुमारें साडेतीनशें वर्षांची आहे.

इ. स. १६७६ मध्यें रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें आपला एक शोध चौदा अक्षरांच्या कोड्यांत दडवून प्रसिद्ध केला. शोधाचा मान आपणांस मिळावा, पण तो दुसऱ्यानें उचलूं नये, अशी ही त्या काळची युक्ति होती. १६७८ सालीं त्यानें तें कोडें उलगडलें. तारेवर दुप्पट वजन टांगलें कीं तिची वाढही दुप्पट होते, हें त्यांतील मर्म. पुढें १८०७ सालीं थॉमस यंग यानें प्रत्येक पदार्थाच्या ताठरपणास एक अंक लावण्याची कल्पना मांडली. या हिशोबानें, दर चौरस मिलिमीटरास सुमारें २० किलोग्रॅम ताण दिला असतां १ मीटर लांबीचा पोलादी बोल्ट सुमारें १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे वाढ मोजली कीं ताण कळला.

पान्याच्या जोरावरून मात्र तो कळत नाहीं. त्या जोराचा फार मोठा भाग आट्यांच्या व बैठकीच्या घर्षणांत खर्च होतो. बोल्ट ताणण्याच्या कामीं साधारणतः दहावा हिस्साच येतो. आट्यांत तेल आहे कीं गंज, एवढ्यानेंही हिशोब बदलतो.

यावरील उपायाचें मूळ लंडनच्या जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यांत आहे. लहान दट्ट्यावरील थोड्या जोरानें मोठ्या दट्ट्यावर प्रचंड जोर उत्पन्न होतो, हें पास्कालचें तत्त्व कामास लावून त्यानें १७९५ सालीं जलदाबाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. दट्ट्याच्या कडेची गळती थांबविणाऱ्या कातडी कड्याचें श्रेय त्याच्याकडील कारागीर हेन्री मॉडस्ले यास देतात. त्याच तत्त्वावर पुढें बोल्ट ओढण्याचीं यंत्रें झालीं. त्यांत बोल्टाचें वरचें टोंक धरून तेलाच्या दाबानें तो सरळ ओढतात, ताणलेला असतांच चाकी फिरवून बैठकीस लावतात आणि मग दाब सोडतात.

खरी मेख येथेंच आहे. दाब सोडतांच भार चाकीवर येतो, आटे व बैठक किंचित् दबतात आणि बोल्टाची कांहीं वाढ परत जाते. म्हणून दाबमापकावरील आंकडा ओढतांनाचा ताण सांगतो, मागें उरलेला नव्हे. उरलेला ताण जाणण्यासाठीं ओढण्यापूर्वींची आणि दाब सोडल्यानंतरची, अशा दोन लांब्या ताडून पहाव्या लागतात. त्यासाठीं मोठ्या बोल्टाच्या मध्यभागीं लांबीच्या दिशेनें भोक पाडून त्यांत मोजसळई ठेवतात, किंवा कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी पाठवून त्यांच्या येण्याजाण्याचा वेळ मोजतात. उष्णतेचेंही भान ठेवावें लागतें; उष्णमान १० अंश सेल्सियस वाढलें तर १ मीटर पोलाद आपोआप सुमारें ०.१२ मिलिमीटर वाढतें.

एवढा सूक्ष्म हिशोब कशासाठीं? ज्या बोल्टास पुरेसा ताण नाहीं, त्याला यंत्राचा प्रत्येक हिसका अधिक जाणवतो, आणि धातु हळूहळू थकते. १७ ऑगस्ट २००९ रोजीं रशियांतील येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया वीजघरांत एका जलचक्राचें झांकण पाण्याच्या दाबानें उडालें आणि ७५ माणसें प्राणांस मुकलीं. सांपडलेल्या ४९ बोल्टांपैकीं ४१ बोल्टांत थकव्याच्या चिरा आढळल्या. केवळ ताण मोजल्यानें तो अनर्थ टळला असता, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. जलचक्राचें कंपनही त्यास कारण होतें. परंतु वरून घट्ट दिसणाऱ्या बोल्टावर डोळे मिटून विसंबूं नये, हा धडा त्यांतून निश्चित मिळतो. मनगटाचा अंदाज चुकूं शकतो. म्हणूनच मोजून पहाण्याची संवय मनुष्यानें सोडूं नये.