यादीबाहेरचं रामटेक

1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. थकीत कर्जावरच्या व्याजमाफीला 712 कोटी, सिंचनाला 2,177 कोटी, बाकीचं बियाणं, फलोत्पादन आणि जोडधंद्याला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर तो आकडा झळकला. पण हे पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहाच जिल्ह्यांचं होतं. नागपूर जिल्हा त्यात नव्हता. नागपूरहून तासाभराच्या वाटेवरच्या रामटेक तालुक्यात त्या आठवड्यात धानाचे पऱ्हे टाकणाऱ्या शेतकऱ्यासाठी मथळ्यातलं ‘विदर्भ’ वर्ध्याच्या हद्दीवरच संपलं.

रामटेकला हे नवं नव्हतं. तालुक्याच्या पूर्वेला भंडारा जिल्हा आणि उत्तरेला मध्य प्रदेशचा शिवनी. बांधीला बांधी लागून, धानही तेच, रोगही तेच, पण सरकारी कागदावर मध्ये एक रेघ. 1960-61 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने देशातल्या निवडक जिल्ह्यांत सघन शेती कार्यक्रम सुरू झाला. सुधारित बियाणं, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यायचा, अशी त्याची आखणी होती. पहिल्या सात जिल्ह्यांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. पुढच्या टप्प्यात भंडाऱ्याची निवड झाली. भंडाऱ्याला लागून असलेलं रामटेक नागपूर जिल्ह्यात म्हणून बाहेर राहिलं.

योजनेची बातमी ऐकल्यावर इथला शेतकरी रकमेच्या आधी ‘आपला नंबर त्यात लागते का?’ हे विचारतो, ते अशा अनुभवातून. सभेला आलेले पुढारी आणि बातमीदार या प्रश्नाला पुष्कळदा अविश्वास समजतात. त्यामागे तीन पिढ्यांचा हिशेब आहे.

तो हिशेब राज्यांच्या हद्दींपासून सुरू होतो. रामटेक आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. मध्य प्रदेशात असतानाच 1951 मध्ये मालगुजारी संपली. जमिनीवरचा मालगुजाराचा हक्क गेला हे चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर तलावांची देखभालही गेली. धानाला नेमकं पाणी लागतं तेव्हा आधार देणारे हे जुने तलाव सरकारजमा झाले आणि वर्षानुवर्षं गाळाने भरत गेले. आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी गेल्याची बातमी गाजली. तलावाची पाळ कोण बांधणार, याची बातमी कित्येक वर्षं कुणाला सुचली नाही.

1956 सालचंच आणखी एक उदाहरण आहे. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यासाठी निवडली होती. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळत. शेतकऱ्याच्या प्रतिक्रियेला माध्यमाने इतकं मानाचं स्थान त्याआधी क्वचितच दिलं असेल. हा प्रयोग जगभरात नावाजला गेला. रामटेक तेव्हा मध्य प्रदेशात होतं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 पासून चालू होतं, पण हा प्रयोग झाला तो पुण्याच्या बाजूला.

मराठी शेतीपत्रकारितेचा गुरुत्वमध्य पुढेही तिकडेच राहिला. 20 एप्रिल 2005 ला सकाळ समूहाने ‘ॲग्रोवन’ सुरू केलं. शेतीला वाहिलेलं रोजचं वर्तमानपत्र निघणं ही मोठीच घटना होती. बाजारभाव, हवामान, कीडनियंत्रण हे सगळं सकाळी सकाळी गावात पोचू लागलं. त्याचं मोल कमी लेखू नये. बाजार समितीत जाण्याआधी भाव ठाऊक असणारा शेतकरी अडत्यासमोर वेगळा उभा राहतो. पण एकूण मराठी शेतीपत्रकारितेत सर्वांत आवडीने छापली आणि वाचली गेलेली गोष्ट म्हणजे यशोगाथा. द्राक्षाची, डाळिंबाची, शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीची. धुऱ्यावर तूर लावून दोन-चार एकर धान पिकवणाऱ्याने ती वाचावी, कौतुक करावं आणि घडी घालून ठेवावी, इतकाच तिचा त्याला उपयोग.

काही यशोगाथा तर महागात पडल्या. सफेद मुसळी, जट्रोफा, ईमू यांच्या लाटा एकामागून एक आल्या. एकरी उत्पन्नाचे डोळे दिपवणारे आकडे छापून येत आणि करार करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीही शेजारीच असत. 2012 मध्ये तमिळनाडूतली ईमूची मोठी कंपनी बुडाली आणि महाराष्ट्रातल्या पाळणाऱ्यांनाही गिऱ्हाईक मिळेनासं झालं. ज्यांनी पिंजरे बांधले त्यांच्या फसगतीला यशोगाथेइतकी जागा मिळाली नाही. शेतकरी छापील गोष्टीकडे शंकेने पाहू लागला तर त्याला मागासलेला कसं म्हणणार?

याच पूर्व विदर्भात एक बियाणं मात्र पत्रक, वर्तमानपत्र किंवा अनुदान यांच्याशिवाय पसरलं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले आणि दीड एकराचे धनी. 1980 च्या दशकात त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा निवडल्या. बारीक दाण्याचा, भरघोस उतारा देणारा आणि शिजल्यावर चवीला सरस असा हा वाण तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. एकाने दुसऱ्याच्या बांधीत पीक पाहिलं, पायली-दोन पायली बियाणं मागून नेलं, आणि काही वर्षांत हे धान चार-पाच राज्यांत पोचलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 1998 मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला, तेव्हा श्रेय कुणाचं हा वाद उभा राहिला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना 2005 मध्ये मिळाला, 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ने दखल घेतली. मोठ्या वर्तमानपत्रांना दादाजी दिसले ते बहुतेक यानंतर. 3 जून 2018 ला ते गेले. शेवटच्या आजारपणात उपचारांच्या खर्चाचीही ओढाताण झाली, आणि त्याच्या बातम्या मात्र भरपूर आल्या.

वर्तमानपत्र आपलं पुरतं म्हणणं छापत नाही, ही तक्रार शेतीच्या बाजूने फार जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘दीनबंधू’ हे तर सत्यशोधकांच्या आपल्या माणसांचं पत्र, तरी त्यानेही सुरुवातीचा भाग छापून पुढचा थांबवला आणि फुले रागावले. शरद जोशींनी 1979 मध्ये शेतकरी चळवळीबरोबरच ‘वारकरी’ साप्ताहिक काढलं. कांद्याचा भाव चढला की शहरी पत्रांना महागाई दिसते, भाव पडला की काहीच दिसत नाही, हा त्यांच्या मांडणीतला कळीचा मुद्दा होता.

कर्जमाफीच्या बातम्यांत तर मथळा आणि अटी यांतलं अंतर प्रत्येक वेळी उघडं पडलं. 2008 च्या अर्थसंकल्पात केंद्राने 60,000 कोटींची घोषणा केली. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला, त्यावरच्याला तीन हिस्से भरले तर चौथा माफ. कापसाच्या कोरडवाहू पट्ट्यात पाच एकरांवर जमीन असणं म्हणजे श्रीमंती नव्हे, म्हणून विदर्भातून ओरड झाली. ज्यांनी दागिने गहाण ठेवून कर्ज वेळेवर फेडलं होतं, त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. 2017 मध्ये राज्याने दीड लाखापर्यंत माफी दिली, पण अर्ज ऑनलाइन. रोवणीचा हंगाम सोडून नवरा-बायको सेवा केंद्रासमोर रांगेत उभे राहिले आणि मग महिनोन्‌महिने ‘ग्रीन लिस्ट’ची वाट पाहत बसले. 2019 च्या दोन लाखांच्या योजनेत सरकारने अर्जच काढून टाकला आणि आधार प्रमाणीकरणावर भागवलं. आधीच्या तक्रारींचा हा सरळ परिणाम होता. शेतकऱ्याची प्रतिक्रिया नीट छापली गेली तर धोरण सुधारतं, याचा हा पुरावा आहे.

आता ताजी गोष्ट. पूर्व विदर्भात आधी धानाचा बोनस क्विंटलमागे मिळे. व्यापाऱ्यांचं धान खरेदी केंद्रावर येतं, अशी तक्रार होती. 2022 च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी 15,000 रुपयांची घोषणा झाली, 2023 मध्ये ती 20,000 वर गेली, मर्यादा दोन हेक्टर. वर्तमानपत्रांनी आकडा ठळक छापला. पण नोंदणी होते ती सातबाऱ्यावर. ठेक्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. बियाणं त्याचं, रोवणीची मजुरी त्याने दिलेली, तुडतुड्याने झालेलं नुकसानही त्याचंच, आणि बोनस जमीनमालकाच्या खात्यात.

म्हणून नागपूरच्या संपादकांना आणि तालुक्याच्या बातमीदारांना एक मागणं आहे. डिसेंबरात विधानभवनातून पुढची घोषणा होईल, तेव्हा आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ती कुणाला मिळणार नाही हेही छापा. आणि दोन महिन्यांनी रामटेक, मौदा, पारशिवनीच्या धान खरेदी केंद्रांवर जाऊन पैसे जमा झाले का, ते विचारा.