वाशिमचे रक्तनमुने आणि परळच्या प्रयोगशाळा

वाशिम जिल्ह्याचा वैद्यकीय इतिहास लिहिताना सर्वांत आधी एका उणिवेची नोंद करावी लागते. १९०५ पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा असलेले वाशिम त्या वर्षी अकोल्यात विलीन करण्यात आले आणि १ जुलै १९९८ रोजी त्याला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला; मधल्या आणि त्यानंतरच्या काळात नागपूरला १९४७ मध्ये, सेवाग्रामला १९६९ मध्ये, यवतमाळला १९८९ मध्ये आणि अकोल्याला २००२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले, मात्र वाशिमला त्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील ज्या रुग्णाच्या रक्ताविषयी साध्या हिमोग्लोबिन तपासणीपलीकडचे काही कळणे आवश्यक होते, त्याने स्वतः बाहेरगावी जावे किंवा त्याच्या रक्ताचा नमुना तरी जावा, अशीच पद्धत त्यामुळे रूढ झाली. नमुना जिथे गेला तिथे त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याची मुभा, पैसा आणि सवड कोणाला होती, हे पाहू गेल्यास महाराष्ट्रातील रक्तसंशोधनाच्या अनुदानांचा इतिहास उलगडतो, आणि त्यात तरुण डॉक्टरचे स्थान किती उशिरा आणि किती अपुरेपणाने निर्माण झाले हेही दिसते.

येथे डॉक्टर म्हणजे चिकित्सक-संशोधक, म्हणजे वॉर्डात रुग्ण तपासणारा आणि त्याच रुग्णांच्या आजाराचे कारण प्रयोगशाळेत शोधणारा, असा दुहेरी कामाचा मनुष्य अभिप्रेत आहे. तो ‘स्वतंत्र’ झाला असे केव्हा म्हणावे, याचे जगभर स्थूलमानाने मान्य असलेले गमक एकच आहे: संशोधनाचा प्रश्न त्याचा स्वतःचा असावा, त्यासाठीचे अनुदान त्याच्या नावावर मंजूर झालेले असावे आणि साहाय्यक नेमण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. तोवर तो कितीही हुशार असला तरी कोणाच्या तरी प्रकल्पावरचा साहाय्यकच असतो.

वैद्यकीय संशोधनाला नियमित सरकारी पैसा देण्याची व्यवस्था भारतात १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या संस्थेच्या रूपाने सुरू झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या गेलेल्या वास्तूत, सर हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. हा निधी रोगांसाठी आणि चौकशांसाठी असे. प्लेग, मलेरिया, काळा आजार, मातामृत्यू असा विषय ठरवून त्यावर माणसे नेमली जात, आणि ती माणसे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील किंवा इंग्लंडहून आलेली असत.

या व्यवस्थेतून रक्तविज्ञानाला मिळालेले सर्वांत मोठे फळ म्हणजे लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंचे मुंबईतील काम होय. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने चाललेल्या मातामृत्यूंच्या चौकशीत भाग घेण्यासाठी १९२८ मध्ये त्या हाफकिनमध्ये आल्या आणि मधले काही महिने कुन्नूर, मद्रास व इंग्लंड येथे घालवून १९३३ पर्यंत त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: गरीब गरोदर स्त्रियांना होणारा, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होऊन संख्येने घटण्याचा रक्तक्षय कशामुळे होतो? गिरणी कामगार वस्तीतल्या बायकांचे जेवण त्यांनी नोंदवले आणि तसेच अन्न उंदरांना घातले. उंदरांना रक्तक्षय झाला, पण त्यात उवांमार्फत पसरणाऱ्या एका संसर्गाचाही हात असल्याचे आढळल्याने त्यांनी तो पुरावा बाजूला ठेवून माकडांवर प्रयोग केले. अखेर ‘मार्माइट’ या स्वस्त यीस्ट अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या अर्कातला तोवर अज्ञात असलेला घटक म्हणजेच आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला लोहाबरोबर दिले जाणारे फॉलिक अ‍ॅसिड. हे काम सिद्धीस गेले याचे श्रेय विल्स यांच्या बुद्धीला तर आहेच, पण सलग चार-पाच वर्षे दुसरे कोणतेही ओझे न लादता त्यांना एका प्रश्नापाशी बसू दिले गेले, यालाही आहे. त्या काळी तशी सवलत भारतीय डॉक्टरला क्वचितच मिळत असे.

भारतीय डॉक्टरांना ती जागा मिळवून देण्याचा पहिला ठोस प्रयत्न अनुदानातून झाला नाही, तो एका देणगीच्या अटीतून झाला. परळला १९२६ मध्ये केईएम रुग्णालयासह उभे राहिलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ज्या देणगीतून निघाले, तिच्या विश्वस्तांनी अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतले नसावेत, अशी अट घातली होती. या एका अटीने मुंबईत भारतीय विकृतिशास्त्रज्ञांची, म्हणजे रोगामुळे ऊतींत व रक्तात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणाऱ्यांची, पिढी तयार झाली. वसंत रामजी खानोलकर हे तिचे अग्रणी. टाटा मेमोरियल रुग्णालयात गेल्यावर खानोलकरांनी एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतील सहा अंतर्विवाही जातिसमूहांच्या रक्तगटांचा जो अभ्यास १९४० च्या दशकाअखेर प्रसिद्ध केला, तो जातीच्या चौकटीत रक्ताची आनुवंशिकता मोजण्याच्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांत मोडतो.

परळच्याच आवारातून १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांचे नाव जगभर गेले. रक्त देण्याआधी रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या पेशींत मिसळून गुठळ्या होतात का हे पाहण्याची चाचणी प्रत्येक रक्तपेढीत होते. या चाचणीत काही मोजक्या रुग्णांचा रक्तद्रव ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांच्या पेशींच्या गुठळ्या करत होता. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ असा दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ए आणि बी हे दोन्ही घटक ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात तो पायाच या व्यक्तींत नाही, हे लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने सिद्ध झाले आणि ‘लॅन्सेट’मधील त्या लेखानंतर हा गट ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शोध मुंबईच्या रक्तपेढीतल्या रोजच्या कामातून लागला होता, त्यासाठी आधी कोणी प्रस्ताव लिहून निधी मागितलेला नव्हता. निर्णायक रसायनशास्त्रीय परीक्षणासाठी मात्र लंडनची मदत घ्यावी लागली, आणि त्या मर्यादेचा धडा पुढच्या पाच वर्षांत उपयोगी पडला.

रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेत, म्हणजे आज सर्वांना परिचित असलेल्या आयसीएमआरमध्ये, रूपांतर झाले होते आणि तिचे पहिले संचालक डॉ. सी. जी. पंडित होते. या परिषदेने १९५७ मध्ये परळला रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. पुढे त्याची धुरा भाटियांकडे आली आणि त्याच केंद्राचे आजचे रूप म्हणजे केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था. एका लेखाच्या तीन भारतीय लेखकांपैकी तिसऱ्याने स्वतःच्या विषयाचे केंद्र चालवावे, हे स्वतंत्र संशोधक घडण्याचे महाराष्ट्रातील पहिले स्पष्ट उदाहरण मानता येईल. तरीही येथे परिषदेने पैसा दिला तो केंद्राला. केंद्राबाहेरच्या, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणच्या, तरुण डॉक्टरला त्या वाटेने जाता येत नव्हते.

याच मुंबईत त्याआधी पाव शतक एक वेगळी व्यवस्था निर्माण झाली होती. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यावर सर दोराबजी टाटा यांनी दुसऱ्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूपूर्वी काही आठवडे, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगातील कोणत्याही देशात चालणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, तर एक पंचमांश भारतातील वैद्यकीय संशोधनासाठी राखून ठेवला. मुंबईच्या पैशातून परदेशातील तरुण संशोधक पोसले गेले, अशी तक्रार यावर करता येईल. पण १९३२ च्या भारतात ल्युकेमियावर गंभीर काम करू शकेल अशी प्रयोगशाळाच नव्हती, हे ध्यानात घेता दोराबजींचा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. या न्यासाचा विशेष असा की त्याचा पैसा संस्थेऐवजी निवडलेल्या व्यक्तीच्या मागे जात असे, आणि सरकारी अनुदानांना ही रीत उचलायला पुढे अनेक दशके लागली.

विदर्भाचा प्रवेश या इतिहासात सिकलसेलमुळे होतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच अमिनो आम्ल बदलल्याने प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात, असा हा आनुवंशिक आजार. भारतात तो असल्याचे निलगिरीतील आदिवासींच्या तपासणीतून १९५२ मध्ये कळले, पश्चिम भारतातील काही जमातींविषयी सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी १९५६ मध्ये लिहिले आणि नागपूरच्या आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मध्य भारतातील त्याचे अस्तित्व जगापुढे मांडले. त्या काळच्या तपासणीला फारसे साहित्य लागत नसे: काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण, वर आच्छादन-काच, कडा व्हॅसलीनने बंद, आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेल्या पेशी दिसतात की नाही एवढेच पाहायचे. म्हणूनच विदर्भात सिकलसेलचे संशोधन दीर्घकाळ सर्वेक्षणाच्या पायरीवर राहिले. मोजणीला थोडके अनुदान पुरे, पण रुग्ण जन्मापासून वीस वर्षे कसा वाढतो, त्याला कोणते औषध किती मात्रेत लागू पडते, हे शोधायला टिकाऊ अनुदान आणि टिकून राहणारा डॉक्टर, दोन्ही लागतात.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एस. एल. काटे यांनी आदिवासी भागांत आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांनी वॉर्डात हा टिकाव दाखवला. गंभीर आजारी मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवणारे औषध शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प, ठरावीक मात्रेत दिले तरी उपयोग होतो, हे जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. अल्प मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी रक्ततपासण्या, आणि नागपूरपासून दूर राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने याचे मोल लेखाच्या शीर्षकावरून कळण्यासारखे नाही.

अशी माणसे थोडी का झाली, याचे उत्तर बुद्धीत नाही, नियमांत आहे. परिषदेच्या नेहमीच्या प्रकल्प-अनुदानासाठी मुख्य संशोधक एखाद्या संस्थेत नियमित नोकरीवर असावा लागतो. त्यामुळे एमडी नुकताच झालेला, बंधपत्राची सेवा बजावणारा किंवा कंत्राटी पदावरचा डॉक्टर स्वतःच्या नावाने अर्जच करू शकत नाही. कायम पद मिळाले की बाह्यरुग्ण विभाग, परीक्षा, न्यायवैद्यक कामे आणि बदली त्याच्या वाट्याला येतात, आणि बदली झाली की प्रकल्प जुन्या महाविद्यालयात, यंत्र तेथल्या कपाटात आणि उपयोगिता प्रमाणपत्र कोणी द्यायचे याचा पत्रव्यवहार दोन्हीकडे, अशी अवस्था होते. अमेरिकेतही चिकित्सक-संशोधक ही जात नष्ट होऊ घातल्याचा इशारा जेम्स विनगार्डन यांनी १९७९ मध्ये दिला होता. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तरुण डॉक्टरांसाठी दिलेल्या ‘के’ मालिकेतील अनुदानांत सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची लेखी हमी त्यांच्या संस्थेकडून घेतली जाते. पैशापेक्षा ही हमीच त्या योजनेचा गाभा आहे.

भारतात या धर्तीचा महत्त्वाचा प्रयत्न २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी समान वाटा उचलून सुरू केलेल्या ‘इंडिया अलायन्स’ने केला. तिच्या पाठ्यवृत्तीत संशोधनाच्या खर्चाबरोबर डॉक्टरचा पगारही असल्याने कायम नोकरीची अट उरली नाही आणि चिकित्सकांसाठी स्वतंत्र गट ठेवला गेला. राज्यात रक्ताच्या क्षेत्रात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एका प्रश्नाभोवती बसले की काय होते, हे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार-१९’ या पेशी-उपचाराने दाखवले. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्या रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याची ही पद्धत आहे. ही दोन्ही केंद्रे मुंबईची आहेत. विदर्भापुरते पाहिले तर हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी परिषदेने चंद्रपूरला उभारलेले केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाले आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, पण मोहिमेचे बळ तपासणीवर आहे, तरुण डॉक्टरला पाच वर्षांची सवड देण्यावर नाही.

वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांपैकी एक असून त्याची प्रवेशक्षमता १०० आहे. नमुने बाहेर पाठवणारा जिल्हा ही वाशिमची ओळख या महाविद्यालयाला पुसायची असेल तर आरंभ मोठ्या यंत्रांपासून करण्याची गरज नाही. आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधनवृत्ती देत आली आहे, तीत मार्गदर्शक अध्यापक आणि एक नेमका प्रश्न एवढेच लागते; शासकीय महाविद्यालयांसाठी आरोग्य संशोधन विभागाची बहुविद्याशाखीय संशोधन एककांची योजनाही आहे. अध्यापकांनी या दोन्ही योजनांसाठी प्रस्ताव करावेत, आणि शासनाने ज्याच्या नावावर प्रकल्प मंजूर आहे त्याची बदली प्रकल्पाची मुदत संपेपर्यंत करू नये.