डार्विनला न कळलेलं आपलं ‘च्’

हा भाग ऐकायला ज्यांना वेळ नाही, किंवा जे बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहून टाकतोय.

सुरुवात आमच्या आजीपासून करू. तिला विचारा, “आजी, चहा टाकू का?” ती ‘नको’ म्हणत नाही. हनुवटी जरा वर करते, मान किंचित मागं नेते आणि जिभेनं एक आवाज काढते: ‘च्’. झालं उत्तर. परभणीच्या स्टँडवर “जिंतूर लागली का हो?” म्हणून विचारा, बाकड्यावरचा माणूस हेच करतो. यात समजून घेण्यासारखं काही आहे असं आपल्याला कधी वाटतच नाही.

पण हाच ‘च्’ एका माणसाला अजिबात कळला नव्हता. त्याचं नाव चार्ल्स डार्विन. होय, तोच, उत्क्रांतीवाला. 1872 साली त्याचं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याबद्दलचं पुस्तक आलं. त्यात तो लिहितो की हिंदुस्थानात नकार देताना डोकं झटक्यात मागं आणि थोडं बाजूला जातं आणि जिभेचा आवाज होतो. या आवाजाचा अर्थ काय असावा, हे मात्र आपल्याला सुचत नाही, अशी कबुलीही तो देतो.

आता प्रश्न असा, की इंग्लंडमधल्या केंट परगण्यात बसलेल्या डार्विनपर्यंत आपला ‘च्’ पोचला कसा? तर अहमदनगरहून. आजचं अहिल्यानगर. गंमत म्हणजे त्याच माणसाकडून डार्विनला आणखी एक गोष्ट कळली होती. आजचा भाग खरं तर तिच्यावर आहे.

डार्विनला एक शंका होती. आनंद, राग, लाज, भीती या भावना जगभरच्या माणसांच्या चेहऱ्यावर सारख्याच दिसतात का? दिसत असतील, तर सगळी माणसं एकाच मुळातून आली या म्हणण्याला जोर येतो. त्या काळात वेगवेगळे वंश म्हणजे जणू वेगवेगळ्या जाती, असं म्हणणारे विद्वान कमी नव्हते, त्यामुळे हा प्रश्न साधा नव्हता. पण जगभर फिरणार कोण? डार्विनची तब्येत तशी नव्हती. मग 1867 मध्ये त्यानं एक प्रश्नावली छापून घेतली. आजच्या भाषेत गूगल फॉर्मच म्हणा. प्रश्न सोळा. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतं का, भुवया वर जातात का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का? ‘हो’ म्हणताना मान वर-खाली आणि ‘नाही’ म्हणताना आडवी हलते का? ही प्रश्नावली मिशनरी, अधिकारी आणि ओळखीपाळखीच्या लोकांमार्फत जगभर गेली. 36 उत्तरं आली.

माणूस बारकाईचा होता. आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहिलेलंच लिहा, अशी त्याची विनंती होती. आणि ज्या लोकांचा युरोपियनांशी फारसा संबंध आलेला नाही, त्यांच्यावरची निरीक्षणं सगळ्यात मोलाची, असंही त्यानं कळवलं होतं. ही दुसरी सूचना लक्षात ठेवा.

हिंदुस्थानातून उत्तर देणाऱ्यांत एक होते एच. अर्स्किन, मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरला राहणारे. त्यांनी तिथल्या लोकांचे चेहरे निरखायचा प्रयत्न केला. काही जाणत्या देशी गृहस्थांना विचारून मानेच्या हालचाली आणि ‘च्’ कळवला. पण एकूण चेहऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं होतं की खात्रीनं काही सांगणं फार कठीण आहे. कारण? युरोपियन माणसासमोर हे लोक सवयीनंच सगळ्या भावना लपवतात.

डार्विननं हे प्रामाणिकपणे पुस्तकात नोंदवलं आणि पुढं गेला. त्याच्या दृष्टीनं ही अडचण होती, न मिळालेला डेटा. मला मात्र वाटतं, की 36 उत्तरांमधलं सगळ्यात खरं निरीक्षण हेच असावं. अर्स्किनसाहेबांनी चेहरे वाचले होते, फक्त ते चेहरे कशाबद्दल बोलत होते ते त्यांना ऐकू आलं नाही. ते चेहरे साहेबाबद्दलच बोलत होते.

जरा तो काळ बघा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार म्हणाले, घ्या कर्ज. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. त्यात काही तालुक्यांत सरकारनं शेतसारा वाढवला. कोर्टात गेलं की निकाल कागदावर, आणि कागद सावकाराकडे. अशा वेळी गावात घोड्यावरून गोरा साहेब येतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो. तो डार्विनसाठी बघतोय हे तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही काय कराल? मी तरी चेहऱ्यावरची रेष हलू देणार नाही.

पुस्तक आलं 1872 मध्ये. तीन वर्षांनी, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जरोखे आणि वह्या हिसकावल्या आणि जाळल्या. लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग कागदांवर होता. सरकारनं चौकशीला आयोग नेमला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. अर्स्किननी पाहिलेले चेहरे याच लोकांचे होते असा माझा दावा नाही. पण ज्या जिल्ह्यात चेहऱ्यावर काही दिसत नाही असं साहेबाला वाटलं, त्या जिल्ह्यात आत काहीच नव्हतं असं मात्र नाही.

आता आपल्याकडे येऊ. तेव्हा नगरकडून गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द सुरू व्हायची. आमचा परभणी जिल्हा त्याच नदीवर, पण हैदराबाद संस्थानात, थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. इथं समोर गोरा साहेब नव्हता, पण कचेरी होतीच. 1880 च्या दशकात तिथली राज्यकारभाराची भाषा फारसीवरून उर्दू झाली. घरात मराठी बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यापुढं उर्दूतला कागद. कागद वाचता येत नसेल, तर माणूस काय वाचतो? कागद धरणाऱ्याचा चेहरा. कपाळावर आठी आहे का, भुवई उंचावली का, मान कुठं हलली. काम होणार की परत यावं लागणार, ते तिथंच कळायचं.

म्हणजे चेहरे वाचायची गरज दोघांना सारखी नसते. खालच्याला वरच्याचा चेहरा वाचावाच लागतो. वरच्याचं त्यावाचून अडत नाही. आजही ऑफिसात शिरायच्या आधी दारावरच्या शिपायाला आपण हळूच विचारतोच की, “साहेबांचा मूड कसाय?” साहेब शिपायाला विचारतात का, की बाहेर बसलेल्यांचा मूड कसाय? आपल्या भाषेतही बघा. ‘मख्ख’, ‘ढिम्म’ हे शब्द बघणाऱ्याचे आहेत. स्वतःला कुणी मख्ख म्हणत नाही.

आणि चेहरा कोरा ठेवणं हे नेहमी भीतीचंच लक्षण असतं असंही नाही. बैलबाजार पाहिलाय का? दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरतोय. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून रुमाल. पण रुमाल फक्त हातावर असतो, चेहरा उघडाच. त्यामुळं खरी कसोटी चेहऱ्याची. मनासारखा आकडा आला म्हणून डोळे चमकले, की गेला सौदा. अशा वेळी मख्ख राहणं हे कसब आहे.

आता डार्विनच्या प्रश्नाचं पुढं काय झालं? जवळजवळ शंभर वर्षांनी पॉल एकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तो पुन्हा हातात घेतला. 1967 मध्ये तो पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गेला, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या लोकांकडे. म्हणजे डार्विनची तीच सूचना. काही मूळ भावनांचे चेहरे सगळीकडे ओळखले जातात, असं त्यानं मांडलं. पण त्याच्याच चमूचा दुसरा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर येणारी फिल्म दाखवली. एकटे असताना दोघांचे चेहरे बरेचसे सारखे. खोलीत मोठ्या हुद्द्याचा माणूस येऊन बसला, तेव्हा जपानी मुलं जास्त करून वरवर हसून मूळ भाव झाकायला लागली. एकमननं याला नाव दिलं डिस्प्ले रूल्स. कुणापुढं काय दाखवायचं, याचे न लिहिलेले नियम. अर्स्किननी हे शंभर वर्षं आधी कळवलं होतं.

1978 मध्ये एकमन आणि फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला नंबर देणारी एक पद्धत बनवली. कपाळ, भुवया, ओठांचे कोपरे, सगळ्याला आकडे. आणि आकडे आले की आमच्यासारखे लोक येतात. सॉफ्टवेअरवाले.

इथं माझी गोष्ट सांगावी लागेल. मागं एका कंपनीत असताना आमच्याकडे एक टूल चाचणीला आलं होतं. व्हिडिओ कॉलवरचा चेहरा बघून समोरचा खूश आहे की नाराज, ते सांगणारं. घरी व्हिडिओ कॉल चालू होता, मी गंमत म्हणून ते अण्णांवर चालवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते ओट्यावर बसले होते, मागं आभाळ भरलेलं. “काय म्हणता अण्णा?” “काय नाही. बरंय सगळं.” टूलनं सांगितलं: न्यूट्रल. मला हसू आलं. माझंही मत तेच होतं.

रात्री आईचा फोन. “तुझे अण्णा कालपासून नीट जेवले नाहीत बघ. सोयाबीन सगळं पाण्यात गेलंय. तुला सांगू नको म्हणाले.”

टूल चुकलं म्हणून त्याला नावं ठेवता येतील. पण मी त्याच चेहऱ्यासमोर वाढलोय, आणि मीही न्यूट्रलच वाचलं. नंतर डार्विनचं पुस्तक वाचताना अर्स्किनच्या त्या उताऱ्यापाशी आलो आणि थांबलो. तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला बांधावर येतात, तेव्हा अण्णांचा चेहरा असाच असतो. तोच चेहरा त्यांनी मला का दाखवला? पुण्यात पगारावर असलेला मुलगा त्यांच्यासाठी हळूहळू साहेब झालाय म्हणून? की पोराच्या जिवाला घोर नको म्हणून? भीतीनं झाकलेलं आणि मायेनं झाकलेलं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. कॅमेऱ्याला तर नाहीच, मलाही ते वेगळं करता आलं नाही.

शास्त्रही आता थोडं सावध झालंय. 2019 मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. फक्त चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना भरवशानं सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या सेवेतून चेहऱ्यावरून भावना ओळखायची सोय काढून घ्यायचं जाहीर केलं. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी आणि शाळांत अशी टूल्स, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडून, वापरायला बंदी घातली. ती 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. आपल्याकडे चेहरा वेगळ्या कारणानं कॅमेऱ्यापुढं येतोय. 2023 पासून पीएम-किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करता येतं. त्यात फक्त ओळख पटवायची असते, भावना नाही. पण ओळख पटवणारा कॅमेरा उद्या मन ओळखल्याचा दावा करायला लागला, तर कर्जाच्या अर्जापुढं बसलेल्या अण्णांना तो काय ठरवेल? न्यूट्रल? की काहीतरी लपवणारा माणूस?

मी आता एवढंच करतो. “कसं चाललंय” विचारत नाही, कारण त्याला ‘बरंय’ हे उत्तर ठरलेलं आहे. विचारतो, “खालच्या वावरातलं पाणी निघालं का अण्णा?” परवा असंच विचारलं. ते काही बोलले नाहीत. हनुवटी जरा वर, मान मागं, आणि ‘च्’.

यावेळी कळलं मला.

तुमच्या गावाकडं ‘च्’ कशाकशासाठी वापरतात, ते ऐकायला आवडेल. चला, भेटू पुढच्या भागात.