हलव्याच्या दागिन्यांचा हिशेब

मंडळी, डिसेंबर संपत आला की वेस्ट विंडसरच्या आपल्या आयांमध्ये एकच प्रश्न फिरतो: बोरनहाणाचे दागिने कुठून मागवायचे? लिंका तुम्हाला भरपूर मिळतील. मी आज थोडा इतिहास सांगते, चालेल ना?

साखरेचे शोपीस म्हटलं की आपल्या मुलांना टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धा आठवतात. त्या कलेला मोठं नाव मिळवून दिलं पॅरिसच्या आंतोनॅं कारेमने (१७८४–१८३३). हा पेस्ट्रीवाला मुलगा राष्ट्रीय ग्रंथालयात बसून जुन्या इमारतींची चित्रं उतरवायचा आणि मग तीच देवळं, मनोरे साखरेत आणि बदामाच्या लगद्यात उभे करायचा. १८१५ मध्ये त्याने ती डिझाइनं पुस्तकात छापली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहेत.

आता आपल्या आज्या काय करायच्या ते बघा. आधी नमुना, आणि तो खऱ्या दागिन्याचा: बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, छोट्या कृष्णाचा मुकुट. मग पुठ्ठा, तार आणि सोनेरी कागदाचा सांगाडा. आणि मग साखर. पण कुठला दाणा कुठे बसणार, हे पाक करायच्या आधीच ठरवावं लागतं, कारण हलव्याचा आकार आतल्या बीवर अवलंबून असतो. खसखशीचा हलवा बारीक, नथीला शोभणारा. तिळाचा मधला. साबुदाण्याचा टपोरा. लवंगेचा लांबट, लोंबत्या लोलकासारखा.

काम मात्र चिवट. परात मंद शेगडीवर, त्यात बी, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी सतत हलवायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. असं दिवसचे दिवस. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आंच वाढली की साखर पिवळी पडते. काटा येतो तो या सबुरीने आणि कोरड्या हवेत. दमट हवेत तो रुसतो. (आपल्याकडे जानेवारीत हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. हलव्याला हेच हवं असतं, बरं का!)

या काट्याला जपानमध्ये एक भाऊ आहे, 'कोन्पेतो'. पोर्तुगीज शब्द 'कॉन्फेइतो', म्हणजे साखरेत घोळवलेली बी, त्यावरून हे नाव आलं. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या पाद्र्याने ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीत भरून ही मिठाई भेट दिली. पुढे तोराहिको तेरादा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की दाणा गोल न होता त्याला शिंगं का फुटतात, आणि त्याने त्यावर लिहिलं. आपल्या काट्याचा त्यांच्याशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण तिकडे त्याच काट्यावर शास्त्रज्ञ विचार करत होते, आणि आपल्याकडे "बायकांचं काहीतरी" म्हणून तो विषय संपत होता.

मी सीए, त्यामुळे माझं डोकं कॉस्टिंगकडे जातंच. साखर, तीळ, दोरा, कागद यांचा खर्च किरकोळ. खरा खर्च तासांचा, आणि घरच्या वहीत तो कायम शून्य लिहिला गेला. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण, जावयाचा हार, नारळ, बाळाचं बोरनहाण, सगळं त्या शून्यात बसलं. कारेमचं नाव राहिलं. मुकुट करणाऱ्या बाईचं नाव तिच्या नातीलाही सांगता येत नाही.

म्हणून आजचे गोंदाने चिकटवलेले, प्लास्टिक मणी मिसळलेले दागिने मला पटत नाहीत. दिसायला छान, पण बाळ पहिल्यांदा करतं काय? तोंडात घालतं! जुन्या दागिन्यात दाण्याला भोक नसायचं, गोंद नसायचा. प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याचा फास द्यायचा, काट्यात दोरा अडकून बसायचा. कार्यक्रम झाला की फास सोडवून हलवा वाटायचा.

मुलांना हाताशी घ्यायचं असेल तर सगळा संच करायला जाऊ नका. वाटीभर तिळाचा हलवा आणि एकच हार. गरम परातीपासून लहानांना लांब ठेवा, पण फास द्यायला सात-आठ वर्षांची मुलं झकास जमतात. आणि दागिने करून देणारी आजी किंवा काकू तुमच्या घरात असेल, तर या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिला विचारा की मुकुटाला कुठला दाणा, फास कसा. तिचं पूर्ण नाव आणि गावही लिहून ठेवा.