मौखिक आरोग्य आणि प्रेरणात्मक समुपदेशन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दंतक्षय आणि हिरड्यांचे विकार मोठ्या प्रमाणात टाळता येण्याजोगे आहेत. तरीही जगात सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांत त्यांची गणना होते. उपाय ठाऊक असूनही तो आचरणात का येत नाही, हा दंतवैद्यकापुढील जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर दीर्घकाळ रुग्णाच्या अज्ञानात शोधले गेले. या भूमिकेकडून प्रेरणात्मक समुपदेशनाकडे झालेल्या वाटचालीचा आणि त्या पद्धतीच्या मर्यादांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिक्षणावरील विश्वासाचा काळ

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1913 मध्ये दंतस्वच्छता सेविकांचे प्रशिक्षण सुरू केले. या सेविका शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात स्वच्छ करीत आणि त्यांना निगेचे धडे देत. पुढे 1965 मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना काही काळ दात न घासण्यास सांगितले. सुमारे दोन ते तीन आठवड्यांत त्यांच्या हिरड्यांना सूज आली आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच ती ओसरली. दातांवरील जीवाणूंचा थर हेच सुजेचे कारण असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. साहजिकच शिक्षणावरील भर अधिक दृढ झाला.

मात्र के आणि लॉकर यांनी 1996 मध्ये उपलब्ध संशोधनाचे परीक्षण केले, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. आरोग्यशिक्षणाने ज्ञान वाढत होते, परंतु दातांवरील थर अल्पकाळच कमी होत होता. माहिती आणि आचरण यांतील हे अंतर केवळ अधिक माहितीने भरून निघणारे नव्हते.

समुपदेशनाचा उगम

या अंतराचा विचार दंतवैद्यकाबाहेर आधीच सुरू झाला होता. मद्यासक्त रुग्णांवर दोषारोप करून त्यांना बदलण्यास भाग पाडण्याची रीत रूढ असताना, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये प्रेरणात्मक मुलाखतीची संकल्पना मांडली. स्टीफन रोलनिक यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री विचाराचा त्यावर प्रभाव होता. रुग्णाच्या मनातील द्विधा हा दोष न मानता ती समजून घेणे, मोकळे प्रश्न विचारणे, लक्षपूर्वक ऐकणे आणि बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून व्यक्त होऊ देणे, ही या पद्धतीची सूत्रे होत.

कॅनडातील प्रयोग

मौखिक आरोग्याच्या क्षेत्रात या पद्धतीचा लक्षणीय प्रयोग कॅनडातील सरे येथील पंजाबी भाषक स्थलांतरित कुटुंबांत झाला. वाइनस्टीन, हॅरिसन आणि बेंटन यांनी 2004 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा ते अठरा महिने वयाच्या 240 बालकांच्या मातांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना माहितीपत्रक आणि चित्रफीत मिळाली. एका गटाला त्याशिवाय समुपदेशनाची बैठक आणि नंतर सहा दूरध्वनी संवाद लाभले. वर्षअखेर समुपदेशित गटातील बालकांत नव्या दंतक्षयाची सरासरी 0.71, तर दुसऱ्या गटात 1.91 होती. माहिती दोन्ही गटांजवळ होती. फरक संवादाचा होता. समुपदेशित माता फ्लोराइडचा लेप देण्यासाठी मुलांना अधिक नियमितपणे आणत, असेही पुढील अभ्यासात आढळले.

मर्यादा

हे यश सर्वत्र मिळाले नाही. अमेरिकेतील एका मूलनिवासी समाजात 579 माता-बालकांच्या जोड्यांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मातांचे ज्ञान वाढले, पण मुलांचा दंतक्षय घटला नाही. दारिद्र्य, साखरयुक्त आहाराची सहज उपलब्धता आणि उपचारसेवांचा अभाव जेथे तीव्र असतो, तेथे केवळ संभाषणाने आजार हटेल, ही अपेक्षा अवास्तव ठरते. तसे मानल्यास दोष पुन्हा रुग्णाच्याच माथी येतो. फरक इतकाच, की पूर्वी त्याला अज्ञानी म्हटले जाई आणि आता प्रेरणाहीन म्हटले जाईल.

निष्कर्ष

प्रेरणात्मक समुपदेशनाचे महत्त्व त्याने चिकित्सकाला ऐकण्याची शिस्त लावली, यात आहे. परंतु जे ऐकू येते त्यात घरची अडचण, रोजगाराची वेळ आणि दवाखान्याचे अंतरही असते. त्यावर उपाय योजण्याची जबाबदारी आरोग्यव्यवस्थेची आहे. संवाद आणि सेवा यांची सांगड घातली गेली, तरच या पद्धतीचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचेल.