कुरणातील आरोपी

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटर आहे. वृक्षांना न मानवणाऱ्या या उंचीवर आखूड गवताची विस्तीर्ण कुरणे पसरली असून, हजारो वर्षे तेथे याक व मेंढ्या चरत आल्या आहेत. त्याच कुरणांत बिळे करून राहतो पिका. सशाच्या गणातला, पण दिसायला उंदरासारखा. बिनशेपटीचा आणि जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा. १८५८ साली ब्रायन हॉजसन याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, चीनच्या चिंगहाय प्रांतात त्याच्याविरुद्ध विषप्रयोगाची मोहीम सुरू झाली.

आरोप सरळ होता. पिका गुरांचे गवत खातो, जमीन पोखरतो आणि कुरणे उजाड करतो. उजाड माळावर त्याची बिळे दाट दिसत, हाच पुरावा. झिंक फॉस्फाइड मिसळलेले धान्य बिळांपाशी टाकण्यात येई. पुढे बोट्युलिन विषही वापरात आले.

परंतु हा पुरावा उलटा वाचला गेला होता. पिकाला उंच गवत नकोसे असते. ससाणा किंवा कोल्हा दुरून दिसला, तरच त्याला बीळ गाठता येते. अतिचराईने गवत खुरटले, की त्याची वस्ती वाढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरांची संख्या वाढली, कुंपणे आली आणि ऋतुमानाप्रमाणे कळप हलविण्याची जुनी रीत आखडली. कुरण आधी झिजले, पिका मागाहून वाढला. रोगाचे लक्षणच रोगाचे कारण ठरले.

अँड्र्यू स्मिथ व मार्क फॉगिन यांनी १९९९ मध्ये पिका हा या कुरणांचा आधारस्तंभ असल्याचे प्रतिपादन केले. त्याच्या बिळांत लहान पक्षी घरटी करतात. त्याच्यावर ससाणे, कोल्हे, अस्वले जगतात. विषप्रयोग झालेल्या जमिनीत पावसाचे पाणी कमी मुरते, असे २०१५ मधील संशोधनात आढळले. यांगत्से, होआंग हो व मेकाँग यांचा उगम याच पठारावर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या बिळांचे मोल कळते.

गुरांशी त्याचे वैरही निखालस नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात पिका याकचे शेण खाऊन तग धरतो, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. भारतात लडाखच्या चांगथांग भागातही पश्मिना शेळ्यांचे कळप आणि पिका शेजारीशेजारीच राहतात. तेथे कुरण ओसाड दिसले, तर बिळे मोजण्याआधी कळप मोजणे शहाणपणाचे ठरेल.