वाडा (मेंढपाळांचा)

वाडा : कळपासह फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा गट व त्यांचा फिरता तळ. [⟶ धनगर]. फलटण-बारामतीकडील कमी पावसाच्या पट्ट्यातले हटकर धनगर दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कारण कोकणातल्या मुसळधार पावसात, चिखलात दख्खनी मेंढी तग धरत नाही. पुरुष कळपामागे जातात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढचा तळ गाठतात. अंथरूण-भांड्यांच्या ओझ्यावर करडू, कोंबडी, कधी तान्हे मूलही बांधलेले असते. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात कोंडतात. राखणीला कुत्री असतात. शेतात मेंढ्या बसवल्याने लेंडीखत मिळते; मोबदला धान्य वा पैशांत. जाड काळसर लोकरीची घोंगडी विणतात, हे काम मुख्यतः सणगर करतात. [⟶ घोंगडी]. खंडोबा, बिरोबा, धुळोबा ही प्रमुख दैवते. [⟶ खंडोबा]. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या, दैवतांचा मूलगामी अभ्यास केला. वनक्षेत्रातील चराईबंदी, बागायत व शहरवाढीने चराऊ राने आक्रसली. शहरवाढीचे एक उदाहरण : नगर रस्त्यावरील वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली.